कॅनबेराची शंभरी आणि दहा सडांचा फुगा

मे २०१३ मधली गोष्ट आहे. इथे कॅनबेरात मे म्हणजे थंडीची सुरुवात, आपल्याकडचा मार्गशीर्ष समजा. रात्री जेवणं उरकून स्काइपवर आईबाबांशी बोलत होतो, तिकडे दुपार, आणि बोलता बोलता त्यांना एका फुग्याचा फोटो दाखवला. फुगा म्हणजे हॉट एअर बलून, खाली टोपलीत माणसं बसून उडतात तो. धड देवमाशाचं, तोंड म्हाताऱ्या कासवासारखं पण डोळे जरा माणसाचे वाटावेत असे, कातडी सुरकुतलेली, आणि दोन्ही अंगांना पाच पाच मिळून दहा भलेमोठे सड लोंबतायत. स्तन म्हणा, सड म्हणा. आई थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कामधेनू आहे की काय रे ही?" मागून बाबांचा आवाज आला, "कसली कामधेनू, पूतना आहे ती, पूतना."

त्या आठवड्यात आख्ख्या कॅनबेरात हेच भांडण चालू होतं, फक्त इंग्रजीत.

या फुग्याचं नाव स्कायव्हेल. कॅनबेरा शहराला शंभर वर्षं झाली त्यानिमित्त केलेला. आता बरीच वर्षं झाली त्याला, धुरळा बसलाय, म्हणून म्हटलं हे प्रकरण एकदा नीट मांडून बघू, कारण आपल्याकडेही दर दोन-चार वर्षांनी कुठल्यातरी गावाची, नगरपालिकेची, वाचनालयाची शंभरी येते आणि समिती बसते आणि मग तेच ते, एक कमान, एक स्मरणिका (अर्ध्या पानांवर जाहिराती), एक शोभायात्रा आणि पाहुण्यांना शाल-श्रीफळ. कार्यक्रम उत्तम पार पडतो आणि पुढच्या वर्षी कुणाला काही आठवत नाही. कॅनबेरात जे झालं ते मुद्दाम नव्हतं झालं असं मला वाटतं, पण झालं ते वेगळंच झालं.

आधी गाव समजून घ्या. कॅनबेरा ही ऑस्ट्रेलियाची राजधानी, पण शहर म्हणून छोटंच, २०१३ मध्ये वस्ती पावणेचार लाखांच्या आसपास. सिडनीवाले आणि मेलबर्नवाले राजधानीवरून एकमेकांच्या उरावर बसले होते, म्हणून १९०१ च्या राज्यघटनेतच लिहून टाकलं की राजधानी न्यू साउथ वेल्स राज्यात होईल, मात्र सिडनीपासून किमान १०० मैल लांब, आणि तोवर संसद मेलबर्नला भरेल. म्हणजे दोन जावांच्या भांडणात घर तिसरीलाच मिळालं. १९०८ मध्ये हा भाग ठरला, १९११ मध्ये इथे माणसं जेमतेम सतराशे आणि मेंढ्या दोन लाखांवर. मग नकाशासाठी जागतिक स्पर्धा लावली, १३७ नकाशे आले, त्यात जिंकला शिकागोचा वॉल्टर बर्ली ग्रिफिन. नकाशा नवऱ्याच्या नावावर होता, पण परीक्षकांना ज्यांनी भुरळ घातली ती कापडावरची चित्रं काढली होती त्याच्या बायकोने, मॅरियन महोनी ग्रिफिनने, आणि ती स्वतः शिकलेली आर्किटेक्ट होती.

तर ग्रिफिन जिंकला मे १९१२ मध्ये, आणि लगेच इथल्या सरकारी खात्याच्या बोर्डाने त्याचा नकाशा बाजूला ठेवून वेगवेगळ्या नकाशांतले तुकडे जोडून स्वतःचाच एक नकाशा बनवला. म्हणजे १२ मार्च १९१३ ला पायाभरणीचा सोहळा झाला, ज्या तारखेपासून शंभरी मोजली, त्या दिवशी ग्रिफिन इथे नव्हताच आणि त्याचा नकाशाही चालू नव्हता. तो पहिल्यांदा आला ऑगस्टमध्ये. त्याला पदावर घेतलं, मग खात्याशी वर्षानुवर्षं भांडणं, आणि १९२० मध्ये तो कंटाळून बाहेर पडला. आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं म्हणून सांगतो, हा माणूस शेवटी भारतात आला, लखनौ विद्यापीठाच्या लायब्ररीच्या कामासाठी, १९३५ मध्ये, आणि फेब्रुवारी १९३७ मध्ये लखनौलाच वारला, तिथेच पुरलाय. इथे त्याच्या नावाचा मोठा तलाव आहे, लेक बर्ली ग्रिफिन, ज्यात पाणी भरलं १९६४ मध्ये.

त्या १२ मार्चच्या सोहळ्यात तीन दगड बसवले. एक गव्हर्नर जनरल लॉर्ड डेनमनने, एक पंतप्रधान अँड्र्यू फिशरने, एक मंत्री किंग ओमॅलीने (किंग हे त्याचं नाव, पदवी नाही). त्या पायावर स्तंभ उभा राहणार होता, तो आजतागायत राहिलेला नाही, महायुद्ध आलं आणि राहूनच गेलं. मग लेडी डेनमनने सोन्याची सिगारेट-केस उघडली, आतलं कार्ड काढलं आणि शहराचं नाव वाचलं. तोपर्यंत लोकांनी शेकड्याने नावं सुचवली होती आणि त्यातली काही वाचून आजही हसू येतं, कांगारू आणि इमू जोडून कांगारेमू, गहू-लोकर-सोनं जोडून व्हीटवूलगोल्ड, आणि सगळ्या राज्यांच्या राजधान्यांचे तुकडे शिवून केलेलं सिडमेलॅडपरब्रिशो. ओमॅलीला शेक्सपिअर हवं होतं. शेवटी इथल्याच मूळच्या नावावरून आलेलं कॅनबेरा ठेवलं, आणि बाईंनी ते जसं उच्चारलं, पहिल्या अक्षरावर जोर देऊन, कॅन्ब्रा असं, तसंच ते कायमचं पडलं.

हाच ओमॅली या भागात दारूची नवी लायसन्सं बंद करून बसला होता. १९२८ पर्यंत ते चाललं, तोवर कॅनबेराचे कामगार हद्दीपलीकडे क्वीनबियनला जाऊन पिऊन यायचे. वर्धा-गडचिरोलीवाल्यांना हे वेगळं समजवायला नको.

आता शंभरी. २०१३ चं वर्षभर कार्यक्रम, आणि त्याची सूत्रं दिली रॉबिन आर्चर या बाईंकडे, गायिका, रंगभूमीवरचं मोठं नाव, बाहेरच्या. मला हा पहिला शहाणपणाचा निर्णय वाटतो, गावातल्या गटबाजीत नसलेलं माणूस. बाईंसमोर अडचण अशी की कॅनबेरा हे देशाच्या सरकारचंही नाव आहे. टीव्हीवर "आज कॅनबेराने अमुक कर लावला" असं म्हणतात आणि सिडनीचा टॅक्सीवाला मला शिव्या घालतो, जसा काय तो कर मीच लावलाय. म्हणजे शंभरी कुणाची करायची, संसदेची का इथे राहणाऱ्या, मुलांना फुटबॉलला सोडणाऱ्या, सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडणाऱ्या लोकांची?

सरधोपट गोष्टी झाल्या आणि छान झाल्या. ११ मार्चला तलावाभोवती दिवसभर जत्रा, संगीत, रात्री फटाके. खास शंभरीसाठी लिहिलेली सिंफनी वाजली. माउंट एन्सलीच्या टोकावरून शहराचा आख्खा नकाशा डोळ्यांसमोर पसरतो, त्या जागेला मॅरियनबाईंचं नाव दिलं, उशिरा का होईना. आणि फेब्रुवारीत वृक्षवन खुलं झालं, नॅशनल आर्बोरेटम. त्यावर मी वेगळं लिहू शकेन इतकी ती जागा मला आवडते. १८ जानेवारी २००३ ला इथे वणवा शहरात शिरला होता, चार माणसं गेली, पाचशेच्या आसपास घरं जळाली, टेकड्यांवरची पाइनची लागवड खाक झाली, त्याच जळक्या जमिनीवर २५० हेक्टरमध्ये जगभरातली दुर्मिळ झाडं, एकेका जातीचं एकेक छोटं जंगल, शंभर जंगलं करायची अशी कल्पना. झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती. त्यातच शंभर वर्षांपूर्वीच्या काळातली बुचाच्या ओकची जुनी लागवड आहे, ग्रिफिनच्या वेळची, १९१७ ची, ती मात्र वाचलेली. त्याला कुणी विरोध केला नाही असं नाही, पैशांवरून आधी झाला होता, पण उघडल्यावर सगळे गप्प. झाडांना कोण शिव्या देणार.

आणि मग मे महिन्यात फुगा.

फुगाच का, याला कारण आहे. इथे दर मार्चमध्ये फुग्यांचा उत्सव असतो, पहाटे वीस-पंचवीस फुगे सुटतात, लोक थर्मास घेऊन गोधड्या गुंडाळून बघायला जातात, तलावावरून तरंगत येणारे फुगे हे कॅनबेराचं घरगुती दृश्य आहे. आर्चरबाईंनी काम दिलं पॅट्रिशिया पिचिनिनीला, जगभर नाव असलेली शिल्पकार आणि लहानपण इथेच गेलेलं. तिचं म्हणणं साधं होतं, देवमासा हा जमिनीवरचा सस्तन प्राणी पाण्यात गेला आणि तिथला झाला, तोच प्राणी पाण्यात न जाता आकाशात गेला असता तर उत्क्रांतीने त्याला कसा घडवला असता? फुगवटा वायूचा हवा, पिल्लांना दूध हवं. आणि कॅनबेराही तसंच, ठरवून घडवलेलं शहर, निसर्ग कुठला आणि बनावट कुठली ते सांगता येत नाही. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त सड दिसले होते.

फुगा शिवला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला. लांबी ३४ मीटर, उंची २३ मीटर, म्हणजे सातमजली इमारत आडवी तरंगतेय असं धरा. वजन अर्धा टन. स्थानिक सरकारने घातले सुमारे १ लाख ७० हजार डॉलर, बाकी देणगीदारांकडून, एकूण तीन लाखांच्या घरात. आणि मालकी? मालकी मेलबर्नच्या एका बलून कंपनीकडे. शहराला फक्त ठरावीक वेळा उडवून मिळणार. आणि फुग्यावर कॅनबेराचं नाव कुठेही नाही.

फोटो बाहेर आले आणि जे पेटलं ते विचारू नका. रेडिओवर फोन, पेपरात पत्रं, जगभरच्या बातम्यांत चेष्टा. विरोधी पक्षाने खर्च काढला, मुख्यमंत्री केटी गॅलघर यांना उत्तरं देत बसावं लागलं. आमच्या ऑफिसात चहाच्या खोलीत दोन तट. इथल्या मराठी मंडळींच्या मेलामेलीतही, गुढीपाडव्याचा हिशोब बाजूला ठेवून, तीस-चाळीस मेल याच्यावर. एकजण म्हणाला आमच्या पैशाने हे काय चाळे, दुसरा म्हणाला वेरूळ-खजुराहो बघितलं नाहीस का, तिसऱ्याने विचारलं गुढीपाडव्याच्या उरलेल्या पैशांचं काय झालं.

मीसुद्धा नाक मुरडणाऱ्यांतलाच. पण शनिवारी नॅशनल गॅलरीपाशी फुगा लोकांना दाखवणार होते, तिकडे गेलोच, शिव्या द्यायच्या तरी बघून द्याव्यात म्हणून. सांगतो काय झालं ते. कापड गवतावर पसरलेलं होतं तेव्हा काहीच कळत नव्हतं, मांडव उतरवल्यावर पडतो तसा ढीग. पंख्याने हवा भरायला लागले, कुठूनतरी एक सुरकुती वर आली, मग बर्नरचा तो भस्सकन आवाज, पुढे उभ्या असलेल्यांच्या तोंडावर गरम झोत, आणि हळूहळू ते तोंड उठलं. माझ्या शेजारी एक आजोबा बायकोला मोठ्याने सांगत होते की काय पैशाचा चुराडा आहे, ते बोलता बोलता थांबले. त्या तोंडावर राग नाही, हसू नाही, बाळंतिणीच्या तोंडावर असतो तसला दमलेला शांतपणा. बाजूला एक तीन-चार वर्षांचं पोर आईला विचारत होतं, हिची बाळं कुठे आहेत? आईकडे उत्तर नव्हतं. हा प्रश्न लक्षात ठेवा.

आता प्रकरण म्हणून बघायचं तर चुका कुठे झाल्या? पैसा ही चूक नव्हती, कितीही ओरडा झाला तरी. १ लाख ७० हजार भागिले पावणेचार लाख माणसं, डोई अर्धा डॉलरसुद्धा नाही. एवढ्यात इथे अर्धा समोसाही येत नाही. एका रात्रीच्या फटाक्यांचा हिशोब कुणी मागितला नाही, कारण फटाके म्हणजे उत्सव हे आधीच ठरलेलं असतं.

माझ्या मते पहिली चूक मालकीची. वाढदिवस आमचा आणि भेटवस्तू दुसऱ्याच्या नावावर, हे कुणालाही लागणारच. दुसरी, लोकांना आधी काहीच सांगितलं नाही, एकदम फोटो. आता यात दुसरी बाजूही आहे, आधी सांगून, बैठका घेऊन, हरकती मागवून केलं असतं तर फुगा झाला असता का? एक एक सड कमी होत होत शेवटी साधा देवमासा उरला असता, खाली शहराचा लोगो आणि प्रायोजकाचं नाव. समितीत बसलेल्या माणसाला हे सांगायला नको. म्हणजे न सांगणं ही चूकही होती आणि फुगा वाचला तोही त्याच्यामुळेच, दोन्ही खरं आहे आणि याचा निकाल मला लावता येत नाही. तिसरी गोष्ट नाव. लोक म्हणाले यात कॅनबेराचं काय आहे? पण मग कॅनबेराचं म्हणून काय टाकायचं होतं, संसदेचा झेंड्याचा खांब? तो तर देशाचा आहे. या शहराकडे स्वतःचं असं चित्रच नव्हतं, आणि ते नाही हे या भांडणात पहिल्यांदा उघड बोललं गेलं.

बरं, या गावाचा इतिहास बघितला तर इथली प्रत्येक गोष्ट अशीच वरून येऊन पडलीय आणि प्रत्येकीला आधी हसलेत. नावाला हसले. तलावाला म्हणाले पैसे पाण्यात. ९ मे १९२७ ला संसद इथे आली, ड्यूक ऑफ यॉर्कच्या हस्ते उद्घाटन, अंदाजापेक्षा कितीतरी कमी लोक आले आणि खिमा भरलेल्या हजारो पेस्ट्र्या, ज्यांना इथे मीट पाय म्हणतात, उरल्या त्या खड्डा खणून पुराव्या लागल्या. त्या दिवशीची एक गोष्ट मात्र हसायची नाही. जिमी क्लेमेंट्स नावाचा विराजुरी (इथल्या मूळच्या आदिवासींपैकी एका जमातीचा) म्हातारा, आपल्या कुत्र्यांसह, कित्येक दिवस डोंगरातून चालत, अनवाणी त्या सोहळ्याला आला होता. कपडे बरे नाहीत म्हणून पोलिसाने त्याला हटकलं, तर गर्दीतल्या लोकांनीच आरडाओरडा केला की राहू दे त्याला, त्याचा आमच्यापेक्षा जास्त हक्क आहे. दुसऱ्या दिवशी त्याला ड्यूकसमोर नेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो क्वीनबियनला वारला, आणि पुरला तो दफनभूमीच्या पवित्र केलेल्या जागेबाहेर.

शंभरी म्हटल्यावर हा मुद्दा येतोच. नगुनवाल, म्हणजे या भागातले मूळचे आदिवासी लोक, इथे किती वर्षं आहेत? टिडबिनबिलाजवळ बिरिगाईच्या कपारीत माणसांच्या वावराच्या खुणा सापडल्यात, २० हजार वर्षांपेक्षा जुन्या. त्यांच्यासमोर शंभरचा केक कापायचा म्हणजे पणजीच्या मांडीवर बसून आपल्या बारशाची गोष्ट सांगण्यासारखं आहे. २०१३ मध्ये कार्यक्रमांत त्यांचा मान होता, स्वागत होतं, नृत्य होतं, पण फुग्यावर जेवढं भांडण झालं त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही १२ मार्च हीच तारीख का यावर झालं नाही. मला विचाराल तर शंभरीतली खरी राहून गेलेली गोष्ट ती.

फुग्याचं पुढे काय झालं? तो इथून गेला. टास्मानियात उडाला, जपानला गेला, ब्राझीलला गेला. आणि गंमत बघा, गेल्यावर लोकांना त्याची आठवण यायला लागली. लोक स्कायव्हेलच्या आकाराचे केक करायला लागले, लोकरीची विणायला लागले, टी-शर्ट, ब्रोच. सिडनीवाला कुणी हसला की तेच लोक, ज्यांनी पेपरात पत्रं लिहिली होती, आता "तुला काय कळतंय" म्हणून बाजू घ्यायचे. आपलं पोर आपण बडवू, शेजाऱ्याने बोट लावायचं नाही. ती बनवलेली प्रतीकं, लोगो, घोषवाक्य, ती आता मला एकही आठवत नाही आणि त्या वर्षभर माझ्या ऑफिसच्या दारावर ती चिकटवलेली होती.

नंतर फुगा देणगी म्हणून नॅशनल गॅलरीकडेच आला, म्हणजे मालकीचा प्रश्न शेवटी सुटला, कॅनबेरातच राहायला आला तो. आणि मग गॅलरीने पिचिनिनीला दुसरा फुगा करायला सांगितला. बाप. स्कायव्हेलपापा. छातीशी आणि अंगाला धरलेली पिल्लं, नऊ. त्या पोराच्या प्रश्नाला आठ वर्षांनी उत्तर मिळालं, आणि बाळं आईकडे नव्हती, बापाकडे होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये दोघं एकत्र उडाले. कोविडचं चालू होतं म्हणून मोजकी तिकिटं, अंतर ठेवून उभं राहायचं, तरी अंधारातच लोक येऊन बसलेले, चटया, थर्मास, झोपेतून उचलून आणलेली पोरं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची, २०१३ मध्ये ती नव्हतीच. तिला सड वगैरे काही दिसले नाहीत, तिने पिल्लं मोजली, दोनदा, दोन्ही वेळा आठच आली, एक पलीकडच्या बाजूला असणार म्हणून रडवेली झाली. आई आधी सुटली, मग बाप. तलावाच्या बाजूला वळले आणि तेव्हा नववं दिसलं.

व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. तिकडे मध्यरात्र होती. आमची दुपार उलटल्यावर बाबांचा मेसेज आला, "पूतनेचा संसार झाला म्हणायचा." त्याच्या खाली आईने फक्त गाईचं चित्र टाकलं होतं.